ग्वाल्हेरच्या हवेत गाडीसाठी ऑइलची ग्रेड कशी निवडावी

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मी माझ्या १.२ लिटरच्या पेट्रोल गाडीत मिस्त्रींच्या सांगण्यावरून २०डब्ल्यू-५० ऑइल भरून घेतले. "साहब, यहाँ की गर्मी में गाढ़ा ही चलेगा," असे ते म्हणाले आणि बाहेर ४५ अंशांची लू वाहत असताना ते मला पटलेही. मे-जूनमध्ये काहीच जाणवले नाही. संक्रांतीच्या आठवड्यात मात्र दौलतगंजातल्या बोळात पहाटे गाडी काढताना सेल्फ जड फिरला, इंजिन सुरू झाले आणि वरच्या बाजूने सात-आठ सेकंद टकटक असा कोरडा आवाज येत राहिला. ऑइलचा लाल दिवाही रोजच्यापेक्षा उशिरा विझला. त्या रविवारी डॅशबोर्डच्या कप्प्यातले मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीतून पहिल्यांदा बाहेर काढले, तेव्हा त्यात २०डब्ल्यू-५० कुठेच नव्हते. कंपनीने ५डब्ल्यू-३० आणि ०डब्ल्यू-२० एवढ्याच ग्रेड दिल्या होत्या.

चूक मिस्त्रींइतकीच माझीही होती. आम्ही दोघेही ग्वाल्हेरच्या उन्हाकडे बघून ऑइल ठरवत होतो. प्रत्यक्षात बघायला हवे होते ते इंजिनाच्या आतल्या ऑइलचे तापमान, आणि गाडी दिवसातून किती वेळा थंडीतून सुरू होते हे. तेव्हापासून मी ग्रेड ज्या क्रमाने ठरवतो, तो क्रम कारणांसह येथे देत आहे.

डब्यावरचे आकडे काय सांगतात

संक्रांतीला तिळगुळाचा पाक करताना गरम पाक उलथन्यावरून सहज ओघळतो आणि तोच ताटलीत थंड झाला की बोटाला चिकटून तार धरतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. इंजिन ऑइलचेही तसेच आहे. त्याची श्यानता, म्हणजे साध्या भाषेत दाटपणा, तापमानाबरोबर फार झपाट्याने बदलतो. त्यामुळे दाटपणाचा एकच आकडा पुरत नाही आणि डब्यावर दोन आकडे असतात. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा आहे. तो जितका लहान, तितके ऑइल थंडीत कमी घट्ट होते. दुसरा आकडा गरम इंजिनातल्या दाटपणाचा आहे. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-३०० या मानकानुसार १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हे दाटपणा मोजायचे एकक), ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९ या पट्ट्यात असावा लागतो. २० ग्रेडसाठी हा पट्टा ६.९ ते ९.३ आहे. एका ग्रेडची वरची मर्यादा संपते, तेथेच पुढची ग्रेड सुरू होते.

येथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला असा की ५डब्ल्यू-३० हे थंडीत ५ चे आणि गरम झाल्यावर ३० चे, म्हणजे तापल्यावर ते अधिक दाट होते. तसे कधीच घडत नाही. ते तापल्यावर पातळच होते, फक्त साध्या ऑइलपेक्षा कमी प्रमाणात. दुसरा असा की आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून डब्ल्यूच्या आकड्याला आपल्या दृष्टीने अर्थ नाही. इंजिन फिरू शकते की नाही याची चाचणी २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांना आणि ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांना होते, त्यामुळे ग्वाल्हेरच्या पाच अंशांत दोन्ही ऑइलांवर गाडी सुरू होणार हे खरे आहे. पण सुरू होणे वेगळे आणि ऑइल इंजिनाच्या वरच्या भागातल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोहोचणे वेगळे. बाजारात मिळणाऱ्या साधारण ५डब्ल्यू-३० चा दाटपणा पाच अंशांना सुमारे ४०० सेंटिस्टोक असतो, तर २०डब्ल्यू-५० चा सुमारे १,६००. चौपट घट्ट द्रव त्याच बारीक वाहिन्यांतून वर चढवायला पंपाला वेळ लागतो, आणि मी ऐकलेली टकटक त्या वेळेचीच होती.

झीज नेमकी कोठे होते

गरम इंजिन एका लयीत चालत असते, तेव्हा क्रँकशाफ्ट (पिस्टनांच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) आणि तिचे बेअरिंग यांचा एकमेकांना प्रत्यक्ष स्पर्श होत नाही. फिरणारी शाफ्ट स्वतःच ऑइल ओढून मधल्या फटीत पाचर मारल्यासारखा थर तयार करते आणि त्या थरावर तरंगते. सर्वांत अरुंद जागी हा थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. दाटपणा आणि वेग वाढला की थर जाड होतो, भार वाढला की तो दबतो. दाट ऑइल जास्त सुरक्षित, ही समजूत येथूनच आली आहे आणि तेवढ्यापुरती ती बरोबरही आहे.

पिस्टन रिंग वर-खाली टोकाला पोहोचून क्षणभर थांबते, किंवा कॅमचे टोक मंद गतीने टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा तुकडा, दाबते, तेव्हा मात्र थर टिकवणारी गतीच नसते. तेथे धातू धातूला लागतो आणि झीज रोखण्याचे काम ऑइलमधली झिंकयुक्त रसायने करतात. ही रसायने उष्णता आणि दाब मिळाल्यावर पृष्ठभागावर पातळ संरक्षक पापुद्रा तयार करतात. थंड इंजिनात त्यांचे काम मंदावते. शिवाय थंडीत पेट्रोल जास्त सोडले जाते, त्यातले थोडे न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते, आणि ज्वलनातून तयार होणारे पाणी थंड भिंतींवर जमून आम्लांना वाव देते. सुरुवातीच्या काही मिनिटांतली झीज अशा तीन-चार कारणांनी मिळून होते. ऑइल वर पोहोचायला लागलेला उशीर हे त्यातले एक.

दाट ऑइलाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ऑइलच्या दाबाचा काटा असलेल्या जुन्या गाड्यांत थंड सकाळी काटा वर चढलेला पाहून मालक खूश होतो. पण काटा दाब दाखवतो, प्रवाह नाही. ऑइल फार घट्ट असले की पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइलचा काही भाग पुढे न जाता मागेच फिरतो. फिल्टरचा बायपासही उघडू शकतो, म्हणजे त्या वेळी ऑइल न गाळताच इंजिनात जाते.

पहिले काम: मॅन्युअलमधला तक्ता

मॅन्युअलच्या शेवटच्या भागात, बहुधा तांत्रिक माहितीच्या पानांवर, बाहेरचे तापमान आडव्या पट्टीवर आणि चालणाऱ्या ग्रेड उभ्या रांगेत असा तक्ता असतो. काही कंपन्या एकच ग्रेड देतात. त्यातून चार गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात: कोणत्या ग्रेड चालतात, कोणते मानक हवे (अमेरिकेतले एपीआय, युरोपातले एसीईए किंवा कंपनीचे स्वतःचे), फिल्टरसह किती लिटर ऑइल लागते आणि किती किलोमीटर किंवा किती महिन्यांनी बदलायचे. पुढची सगळी निवड या कागदाच्या चौकटीतच करायची आहे.

ही चौकट पाळण्याचे कारण वॉरंटी एवढेच नाही. ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ साठी बनवलेल्या आजच्या इंजिनांत बेअरिंगचा आकार, पंपाची क्षमता, पृष्ठभागाची घोटाई आणि व्हॉल्व्हच्या वेळा बदलणारी ऑइलवर चालणारी यंत्रणा या सर्वांचा हिशेब त्या पातळ ऑइलावर केलेला असतो. पातळ ऑइल मुख्यतः इंधन वाचवण्यासाठी आले, हे खरे आहे. पण त्याला सामावून घेणारे इंजिनही त्याच्याबरोबरच आले. उलट बाजूने, ज्या जुन्या इंजिनासाठी २०डब्ल्यू-४० सांगितले आहे, त्यात शेजाऱ्याच्या नव्या गाडीचे पाहून ०डब्ल्यू-२० भरणे हीदेखील तितकीच मोठी चूक ठरेल.

दुसरे काम: आपली गाडी खरोखर कशी चालते

महिनाभराच्या फेऱ्या आठवून लिहून काढल्या, तर बहुतेकांना आश्चर्य वाटेल. मी लिहिल्या तेव्हा तीन चतुर्थांश फेऱ्या ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या भागात, तीन-चार किलोमीटरच्या निघाल्या: महाराज बाड्याच्या चौकापर्यंत, शाळेपर्यंत, भाजीला. पाण्याचा काटा मध्यावर येतो म्हणून इंजिन तापले असे आपण मानतो, पण ऑइल पाण्याच्या बरेच मागे असते. साधारण शहरी चालीत ते पुरते तापायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. म्हणजे माझ्या गाडीचे ऑइल बहुतेक दिवस तापतच नव्हते, आणि मी मात्र ते तापून पातळ होईल या काळजीने ५० ग्रेड भरून बसलो होतो.

छोट्या फेऱ्या जास्त असतील तर मॅन्युअलच्या यादीतल्या, दुसरा आकडा सारखा असलेल्या ग्रेडमधून डब्ल्यूचा आकडा सर्वांत लहान असलेली ग्रेड घ्यावी. ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० दोन्ही चालत असतील तर ५डब्ल्यू. गरम बाजूला दोघांचा पट्टा एकच असल्यामुळे उन्हाळ्यात काही गमावले जात नाही.

उन्हाळा, सामान आणि घाट

बाहेरच्या ४५ अंशांचा काहीच परिणाम होत नाही, असे मी म्हणत नाही. थर्मोस्टॅट इंजिनाचे पाणी साधारण ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान राखतो आणि नेहमीच्या चालीत ऑइल ९० ते ११० च्या आसपास राहते. जानेवारी आणि मे यांतला चाळीस अंशांचा फरक आत थोडाच उतरतो. भार मात्र थेट आत उतरतो. सुट्टीत पाच माणसे, छतावर सामान आणि एसी चालू ठेवून ग्वाल्हेरहून पुण्याकडे निघालेली गाडी इंदूर सोडून मानपूरपुढचा भेरूघाट आणि सेंधव्याजवळचा बिजासन घाट ओलांडते, तेव्हा तिचे ऑइल रोजच्यापेक्षा नक्कीच जास्त तापते.

किती फरक पडतो, ते आकड्यांत पाहू. १०० अंशांना ११ सेंटिस्टोक असलेले ५डब्ल्यू-३० ११० अंशांना सुमारे ९ वर येते. १०० अंशांना १४ असलेले ४० ग्रेडचे ऑइल ११० अंशांना ११ च्या किंचित वर असते. थोडक्यात, ऑइल दहा-बारा अंश जास्त तापले की ३० वरून ४० वर जाण्याइतका दाटपणा कमी होतो. म्हणून वर्षातले बरेच महिने भरलेल्या गाडीने महामार्ग किंवा घाट चढायचे असतील आणि मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-४० ला परवानगी असेल, तर ती ग्रेड घेण्यात तथ्य आहे. वर्षातून एकदा पुण्याला जाण्यासाठी ग्रेड बदलण्यात ते नाही. ५० ग्रेड तर आजच्या छोट्या पेट्रोल गाड्यांच्या यादीत सहसा नसतेच.

आकडे तेच, ऑइल वेगळे

दुकानात ५डब्ल्यू-३० चे दोन डबे शेजारी ठेवले आणि किमतीत बरेच अंतर दिसले, तर सगळा फरक नावाचाच असेल असे समजू नये. बेअरिंगमध्ये आणि रिंगपाशी ऑइल नुसते तापत नाही, तर प्रचंड वेगाने घुसळले जाते. त्या अवस्थेतला दाटपणा १५० अंशांवर वेगळा मोजतात. त्याला एचटीएचएस म्हणतात. जे-३०० नुसार ३० ग्रेडला तो किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद (दाटपणाचेच दुसरे एकक) असावा लागतो. पण एसीईएचे ए३/बी४ किंवा सी३ मानक पाळणाऱ्या ५डब्ल्यू-३० मध्ये तो किमान ३.५ असतो, म्हणजे ०डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० साठी ठरवलेल्या किमान पातळीइतका. झिजेच्या दृष्टीने हा आकडा १०० अंशांच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका आहे. तो डब्यावर क्वचितच छापतात, कंपनीच्या तांत्रिक पत्रकात मात्र पुष्कळदा सापडतो. मॅन्युअलमध्ये ए३/बी४ किंवा सी३ लिहिले असेल, तर केवळ ३० हा आकडा जुळला म्हणून दुसरे ऑइल घेऊ नये.

दोन आकड्यांमधले अंतर जितके मोठे, तितकी ते साधण्यासाठी साधारणपणे ऑइलात लांब साखळ्यांची पॉलिमर जास्त घालावी लागतात. घुसळणीत या साखळ्या तुटतात आणि ऑइल हळूहळू आपल्या ग्रेडच्या खाली उतरते. चांगले सिंथेटिक मूळ ऑइल असेल तर पॉलिमर कमी लागतात. जास्त पैसे मोजायचेच असतील तर ते येथे मोजावेत, वरून ओतायच्या चमत्कारी बाटल्यांवर नव्हे.

टर्बो आणि थेट इंधन फवारणी असलेल्या पेट्रोल गाडीत एपीआय एसपी हे २०२० मध्ये आलेले मानक पाहावे. कमी वेगात जोर लावताना होणारे अवेळी ज्वलन आणि टायमिंग चेनची झीज या दोन्हींचा त्यात विचार आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी पकडणारा फिल्टर असेल, तर कमी राख सोडणारे ऑइलच घ्यावे, नाहीतर तो फिल्टर कायमचा तुंबतो. मोटारसायकलचा ओला क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, म्हणून तिला जासो या जपानी मानकाचे एमए किंवा एमए२ लिहिलेलेच ऑइल हवे. कारचे उरलेले ऑइल तिच्यात ओतल्यास क्लच घसरू लागण्याचा धोका असतो.

जुनी, ऑइल खाणारी गाडी

लाखाच्या पुढे गेलेली गाडी दोन बदलींच्या मध्ये लिटरभर ऑइल खाऊ लागली की मिस्त्री लगेच दाट ऑइल सुचवतात. त्याआधी इंजिनात साठणारे वायू परत जाळायला पाठवणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला आहे का, इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरच्या कडेने किंवा व्हॉल्व्ह कव्हरखालून ऑइल गळते का, हे पाहून घ्यावे. तेथे काही सापडले नाही, तर यादीतल्याच पुढच्या ग्रेडवर जाऊन ३० ऐवजी ४० वापरून पाहावी. गरम इंजिनाचा खडखडाट आणि ऑइलची भूक दोन्ही त्याने थोडी कमी होतात. झिजलेली रिंग मात्र कोणत्याही ऑइलने भरून येत नाही. निळा धूर सतत येत असेल तर इंजिन बांधण्याचा खर्च पुढे ढकलला जातो, टळत नाही.

धुळीचेही येथेच सांगतो. बिलौआच्या क्रशरकडे रोज जाणाऱ्या गाडीत एअर फिल्टर फाटका असेल, तर दगडाची बारीक पूड रिंग आणि लाइनर घासत राहते आणि तेथे ५डब्ल्यू-३० की ४० हा वाद निरर्थक ठरतो.

प्रत्यक्ष बदली

गाडी पाच-दहा मिनिटे चालवून आणावी, सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करावे आणि वरचे झाकण उघडावे. मग चेंबरचा ड्रेन बोल्ट सोडावा. ऑइल पोळण्याइतके गरम असू शकते, म्हणून हातमोजे घालावेत. धार थांबून थेंब पडू लागले तरी आणखी पंधरा मिनिटे थांबावे. बोल्टचा वॉशर नवा घालावा. तो वाचवण्यात अर्थ नाही. फिरवून बसवायच्या नव्या फिल्टरच्या रबरी कडीला बोटाने ताजे ऑइल लावावे, कडी टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवावा आणि मग त्याच्यावर छापले असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा, आवळावा. पाना लावून जोर करू नये.

मॅन्युअलमधल्या मापापेक्षा पाव लिटर कमी ऑइल ओतून इंजिन मिनिटभर चालू ठेवावे, दिवा विझल्याची आणि खाली गळत नसल्याची खात्री करावी, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पाहावी आणि वरच्या खुणेजवळ येईपर्यंत थोडे थोडे घालावे. खुणेच्या वर जाऊ देऊ नये, कारण क्रँकशाफ्ट ऑइलावर आपटून फेस होतो आणि फेसाचा थर भार झेलत नाही. रिकाम्या डब्याला भोके पाडून टाकावीत म्हणजे बनावट ऑइल भरायला तो कोणाच्या उपयोगी पडणार नाही. काढलेले ऑइल स्वर्णरेखा नदीत जाणार नाही, तर जुने ऑइल गोळा करणाऱ्याकडेच जाईल, हे पाहावे.

त्यानंतरचे महिने

महिन्यातून एकदा, पहाटे गाडी हलवण्याआधी, डिपस्टिक पाहावी. पातळी खाली गेली तर त्याच ग्रेडचे ऑइल भरावे. वाटेत ती ग्रेड मिळाली नाही तर त्याच मानकाची शेजारची ग्रेड अर्धा लिटर घालण्यात धोका नाही, ऑइल कमी ठेवून चालवण्यात आहे. पातळी वर चढलेली दिसली तर खुश होऊ नये. डिपस्टिक नाकाशी धरावी. पेट्रोलचा वास आला तर छोट्या फेऱ्यांतले न जळलेले इंधन ऑइलात साठते आहे आणि ३० ग्रेडचे ऑइल प्रत्यक्षात २० चे झालेले असू शकते. अशा वेळी ग्रेड वाढवण्यापेक्षा ऑइल लवकर बदलावे आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी. डिझेल गाडीत फिल्टरमधली काजळी जाळून टाकण्याची फेरी वारंवार अर्धवट राहिली तरी असेच होते.

बहुतेक कंपन्या वर्षभर किंवा १०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, असे सांगतात. त्याच पानावर खडतर वापरासाठी कमी अंतराची वेगळी ओळ असते. छोट्या फेऱ्या आणि धुळीचे रस्ते त्या ओळीत मोडतात, म्हणजे शहरातल्या शहरात लष्कर-मुरार करणारी आपली गाडी खडतर वापराचीच आहे. मी आता ५डब्ल्यू-३० सहा महिन्यांनी बदलतो, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा एप्रिलअखेरीस. बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीवर तारीख, किलोमीटर, ग्रेड आणि मानक एवढे चार तपशील लिहिलेले असतात. गेल्या एप्रिलमध्ये मिस्त्रींनी ती पट्टी वाचली, दाट ऑइलचा डबा परत कपाटात ठेवला आणि पट्टीवरची ग्रेड काढायला पोराला आत पाठवले.